जीवशास्त्राची मूलतत्त्वे आणि आपले शेत

महसुली दप्तरात आमची सारी नोकरी गेली. त्या काळात पिकांच्या नुकसानीचे पंचनामे आम्ही किती लिहिले याची मोजदाद नाही. खातेदाराचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, पीक, नुकसानीचे शेकडा प्रमाण आणि शेवटी कारण, असे रकाने असत. पहिले सर्व रकाने आम्ही काटेकोरपणे भरीत असू. कारणाच्या रकान्यात मात्र 'अतिवृष्टी', 'रोग' अथवा 'कीड' यांपैकी एक शब्द टाकून मोकळे होत असू. पाणी साचले असता ऊस का मरतो आणि तेवढ्याच पाण्यात भात का उभा राहतो, असे एखाद्या खातेदाराने विचारले असते तर आम्हांस उत्तर देता आले नसते. सुदैवाने कोणी विचारले नाही.

मराठी शाळेत सातव्या इयत्तेपर्यंत आम्ही जे शिकलो त्यात जीवशास्त्र म्हणून निराळा विषय नव्हता. सेवानिवृत्तीनंतर मलकापुरास घरी बसल्यावर मुलांची आठवी ते दहावीची विज्ञानाची पुस्तके हाती आली, ती आम्ही दोन पावसाळ्यांत सावकाश वाचली. मुले ज्या गोष्टी परीक्षेपुरत्या पाठ करितात, त्यांवरच आपला बियाण्याचा, खताचा आणि औषधाचा खर्च उभा आहे, असे ती वाचताना वारंवार ध्यानात आले. त्यांतील मुख्य तत्त्वे, आपल्या शेताशी जेथे जेथे त्यांचा संबंध पोहोचतो तेथे तो दाखवून, या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम पेशी. इ. स. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रज गृहस्थाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिला, तो त्यास मधाच्या पोळ्याप्रमाणे लहान लहान कप्पे दिसले. त्या कप्प्यांस पेशी हे नाव पडले. पुढे १८३८-३९ च्या सुमारास श्लायडेन आणि श्वान या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी असा सिद्धांत मांडिला की, वनस्पती असो वा प्राणी, त्याचे शरीर पेशींचेच बनलेले असते. नवी पेशी जुन्या पेशीपासूनच उत्पन्न होते, हे त्यानंतर काही वर्षांनी निश्चित झाले. वनस्पतीच्या पेशीस बाहेरून टणक भिंत असते. भिंतीच्या आत एक अतिशय पातळ पडदा असतो, त्यास पुस्तकात प्रद्रव्यपटल म्हटले आहे. पडद्याच्या आत केंद्रक, अन्न तयार करणारी हिरवी लवके, अन्न जाळून शक्ती देणाऱ्या तंतुकणिका आणि पाण्याने भरलेली एक मोठी पिशवी असते. केंद्रक हे पेशीचे दप्तर होय. त्याकडे पुढे वळू.

तूर्त पडद्याचा विचार करू. हा पडदा पाण्यास वाट देतो, परंतु पाण्यात विरघळलेल्या क्षारांस तशी मोकळी वाट देत नाही. यामुळे पडद्याच्या ज्या बाजूस विरघळलेले पदार्थ अधिक, त्या बाजूस पाणी ओढले जाते. यास परासरण म्हणतात. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेविले म्हणजे सकाळी भांड्यात पाणी सुटलेले असते. ते पाणी बाहेरून आलेले नसून फोडींच्या पेशींतून निघालेले असते. आपल्या घरच्या बायका हा प्रयोग दर उन्हाळ्यात करितात. फक्त त्यास परासरण म्हणत नाहीत.

हेच तरव्यात घडते. रोपे पिवळट दिसली की रासायनिक खताची मूठ अंमळ सढळ पडते. त्यातून पावसाने उघडीप दिली आणि वाफ्यात ओल थोडी राहिली, तर खत विरघळून मुळांभोवतीचे पाणी पेशींतील पाण्याहून अधिक खारट होते. मग मूळ पाणी घेण्याऐवजी गमावू लागते. दोन दिवसांत रोपांचे शेंडे करपतात आणि आपण म्हणतो, खत 'उष्ण' पडले. खतात उष्णता मुळीच नसते. ओल्या वाफ्यातही रोप तहानेने मेलेले असते. आपल्याच जिल्ह्याच्या पूर्व अंगास शिरोळ तालुक्यात अतोनात पाण्यामुळे आणि निचऱ्याअभावी ज्या जमिनी क्षारपड झाल्या, तेथेही हाच न्याय चालतो. जमिनीत पाणी आहे, परंतु पिकास ते घेता येत नाही. अशा जमिनीस आणखी पाणी पाजून भागत नाही. चर अथवा सच्छिद्र नळ घालून निचरा करून आधी क्षार बाहेर काढावे लागतात.

आता पिकाच्या अन्नाविषयी. पीक माती खाऊन वाढते, अशी आपली पिढीजात समजूत आहे. सतराव्या शतकात व्हान हेल्माँट नावाच्या एका विद्वानाने हे तोलून पाहिले. भट्टीत वाळविलेली २०० पौंड माती त्याने एका कुंडीत घातली, तीत ५ पौंड वजनाचे वाळुंजाच्या जातीचे रोप लाविले आणि पाच वर्षे केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांवर भरले. आणि माती पुन्हा वाळवून तोलली तो अवघी दोन औंस घटली होती. झाड केवळ पाण्याचे बनते, असा निष्कर्ष त्याने काढिला. तो अर्धाच खरा होता, कारण हवेकडे त्याचे लक्ष गेले नाही. प्रकाश असेल तेव्हाच हिरवा भाग हवा शुद्ध करितो, हे इंगेनहाउझ याने १७७९ मध्ये दाखविले. पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून कर्बवायू आत येतो, मुळांकडून पाणी येते, आणि हिरवी लवके सूर्यप्रकाशाच्या बळावर या दोहोंची साखर बनवून प्राणवायू बाहेर सोडतात. यासच प्रकाशसंश्लेषण म्हणतात. हवेच्या दहा हजार भागांत कर्बवायू फार तर चार भागांच्या थोडा वर आहे. तरी पिकाच्या वाळलेल्या वजनात शेकडा चाळीसांहून अधिक जो कर्ब असतो, तो जवळजवळ सर्व त्यातूनच येतो. जमिनीतून येणारी नत्र, स्फुरद, पालाश इत्यादी द्रव्ये वजनाने अल्प असतात. त्यांचे काम घर बांधणाऱ्या गवंड्याच्या हत्यारासारखे आहे, विटांसारखे नव्हे. हत्यारावाचून घर उभे राहत नाही हे खरे. पण हत्यारे दुप्पट आणून घरही दुप्पट होत नाही.

शाहूवाडीच्या आमच्या पट्ट्यास याचे महत्त्व विशेष आहे. आषाढ-श्रावणात आंबा घाटाकडून ढग उतरले म्हणजे आठ आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही. त्या दिवसांत पानांस प्रकाश अपुरा मिळतो, साखर कमी बनते. अशा वेळी नत्राचा जादा हप्ता टाकिला तर पाने गर्द हिरवी आणि लुसलुशीत होतात, शेत डोळ्यांस सुखविते, आणि ओल्या ढगाळ हवेत तेच भाताच्या करप्याचे माहेरघर बनते. खताचा हप्ता उघडीप पाहून द्यावा असे कृषिखात्याचे लोक सांगतात ते याच कारणास्तव, शिवाय पाण्याबरोबर खत वाहून जाऊ नये म्हणूनही.

मिळविलेली साखर पीक सर्वच साठवीत नाही. रात्रंदिवस, मुळापासून शेंड्यापर्यंत, प्रत्येक जिवंत पेशी प्राणवायू घेऊन थोडी साखर जाळीत असते आणि त्या शक्तीवर आपला निर्वाह करिते. हे श्वसन होय. जमेची बाजू दिवसाच चालते, खर्चाची बाजू अहोरात्र. झाडे फक्त रात्री श्वास घेतात, हा समज चुकीचा आहे. दिवसा जमा मोठी असल्याने खर्च दिसत नाही इतकेच. ओलसर भाताच्या राशीत हात घातला असता आत ऊब लागते, ती दाण्यांच्या आणि त्यांवरील बुरशीच्या श्वसनाची. त्या उबेत आपले धान्यच जळत असते. बियाणे वाळवून शेकडा बारा-तेरा भागच ओल ठेवावयाची, ती हा खर्च थांबविण्यासाठी.

मूळही श्वसन करिते, आणि आमच्या रिकाम्या रकान्याचे उत्तर येथे आहे. प्राणवायू पाण्यातून हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही असतील त्या स्थितीस आपण वाफसा म्हणतो. वाफसा म्हणजे मुळाचा श्वास चालू असणे. पाणी तुंबले की उसाची मुळे गुदमरतात आणि पुढे कुजतात. भाताने मात्र निराळी सोय केली आहे. त्याच्या खोडात व मुळांत हवेच्या पोकळ वाटा असतात, त्यांतून वरची हवा पाण्याखालील मुळांपर्यंत जाते. परंतु शेंडाच पाण्याखाली गेला तर या वाटांचा उपयोग राहत नाही. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कोल्हापूर जिल्ह्यात जो महापूर आला, त्यात ज्या उसाचे शेंडे पाण्याबाहेर राहिले त्यातील पुष्कळ वाचला आणि ज्याच्या वाढत्या कोंबात गढूळ पाणी व गाळ शिरून राहिला तो कुजला, हे नदीकाठच्या शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून पूर ओसरल्यावर पहिले काम चर काढून पाणी बाहेर घालविण्याचे. खताचा विचार वाफसा आल्यावर.

सजीवांचे वर्गीकरण हा भाग पुस्तकात लांबलचक आहे. आपणांस त्यातील एवढेच हवे की, 'रोग' या एका शब्दाखाली आपण अगदी भिन्न कुळांचे जीव एकत्र घालतो. करपा ही बुरशी आहे. खोडकिडा हा पतंगाची अळी आहे. हुमणी ही भुंगेऱ्याची अळी आहे. केळीचा पर्णगुच्छ हा विषाणू असून मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. कीटकांच्या मज्जातंतूंवर चालणारे औषध बुरशीवर चालणार नाही, कारण बुरशीस मज्जातंतूच नाहीत; आणि विषाणू शिरलेले झाड औषधाने बरे होत नाही, ते उपटून नष्टच करावे लागते. दुकानात जाऊन 'भातावर काही तरी द्या' असे म्हणणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत, आणि तसे म्हणणाऱ्यांत एके काळी आम्हीही होतो. हुमणीच्या बाबतीत तिची चार रूपे ध्यानात ठेविली म्हणजे पुरे: अंडे, अळी, कोष, भुंगेरा. अळी जमिनीत दडून मुळे खाते तेव्हा तिला गाठणे कठीण. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे संध्याकाळी बाभूळ, कडुनिंब, बोर अशा झाडांवर जमतात, तेव्हा फांद्या हलवून अथवा दिव्याचा सापळा लावून त्यांस पकडणे सोपे. मात्र हे साऱ्या शिवाराने एकाच वेळी केले पाहिजे. भुंगेरा गटाची हद्द ओळखीत नाही.

आता केंद्रकाकडे, म्हणजे दप्तराकडे, वळतो. या विषयात आमचे स्वतःचे नुकसान झालेले असल्यामुळे येथे थोडा विस्तार होईल, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

काही वर्षांपूर्वी आम्ही संकरित भाताची एक पिशवी आणून वीस गुंठ्यांत लाविली. पीक असे एकसारखे आले की येणारा-जाणारा बांधावर थांबून पाही. पिशवीचा भाव मात्र आमच्या मनात सलत होता. तेव्हा त्याच पिकातील उत्तमोत्तम लोंब्या निवडून, वाळवून, राखेत घालून आम्ही बियाणे म्हणून ठेविल्या आणि पुढील वर्षी तेच पेरले. आश्विनात शेत पाहावे तो काही रोपे कमरेएवढी, काही गुडघ्याएवढी. काही निसवून पिवळी पडलेली, काही अद्याप पोटरीत. कापणीस एक दिवस ठरेना. लवकर कापावे तर हिरवा दाणा, थांबावे तर पिकलेला गळून जाई. निवड तर आम्ही डोळ्यांत तेल घालून केली होती. मग चूक कोठे झाली?

याचे उत्तर ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने १८६६ मध्ये छापलेल्या निबंधात आहे. जगाचे लक्ष त्याकडे १९०० साली गेले. त्याने वाटाण्याच्या दोन वाणांचा संकर केला. एकाचे दाणे गोल, दुसऱ्याचे सुरकुतलेले. पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल निघाले; सुरकुतलेला गुण जणू नाहीसा झाला. परंतु त्या गोल दाण्यांपासून पुढील पिढी वाढविली तेव्हा ७३२४ दाण्यांत ५४७४ गोल व १८५० सुरकुतलेले मिळाले, म्हणजे सुमारे तिनास एक. गुण नाहीसा झालेला नव्हता, दबलेला होता. प्रत्येक गुणाच्या नोंदी सजीवाजवळ दोन असतात, एक पितृपक्षाकडील आणि एक मातृपक्षाकडील. या नोंदींस जनुके म्हणतात व ती केंद्रकातील गुणसूत्रांवर असतात; भाताच्या पेशीत गुणसूत्रे २४, माणसाच्या ४६. संततीस दोहोंपैकी एकच नोंद जाते, आणि कोणती जाईल ते नाणेफेकीसारखे असते.

संकरित बियाणे म्हणजे दोन भिन्न वाणांची पहिली पिढी. तीत प्रत्येक रोपाजवळ त्याच दोन नोंदी असतात, म्हणून शेत एकसारखे दिसते. दुसऱ्या पिढीत खातेफोड होते. उंचीची नोंद एकाकडे, लवकर पिकण्याची दुसऱ्याकडे, दाण्याची तिसऱ्याकडे. आम्ही निवडलेल्या लोंब्या उत्तम होत्या यात शंका नाही. पण लोंबी पाहून आतल्या दोन नोंदी दिसत नाहीत. बियाणे ठेवण्याची मोकळीक २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपणांस दिलेली आहे. कायद्याची हरकत नव्हती, जनुकांची होती.

मग प्रत्येक वर्षी पिशवीच आणावी काय? तसे नाही. येथे इंद्रायणी भाताचे उदाहरण घेऊ, कारण तो पुष्कळांच्या घरात शिजतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ या दोन वाणांच्या संकरातून तो काढिला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांस दिला. आंबेमोहर सुवासिक, परंतु उंच वाढून लोळणारा व उताऱ्यास कमी. आयआर-८ हा १९६६ मध्ये फिलिपाईन्समधील संस्थेने दिलेला, बुटका आणि भरघोस उत्पन्नाचा. म्हणजे इंद्रायणीही मुळात संकराचाच. तरी त्याचे बियाणे आपण घरी ठेवितो आणि ते फुटत नाही, याचे कारण आणेवारीने सांगता येईल. भाताचे फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळते. संकराच्या पहिल्या पिढीत ज्या जागी दोन नोंदी भिन्न आहेत तो भाग सोळा आणे धरा. स्वपरागणाने प्रत्येक पिढीस तो निम्मा होतो: दुसऱ्या पिढीत आठ आणे, तिसरीत चार, चौथीत दोन, पाचवीत एक, सहावीत अर्धा. संशोधक मंडळी इतक्या पिढ्या शेतात वाढवून, दर पिढीत नको ती रोपे टाकून, मगच वाण बाहेर सोडतात. तोवर फुटण्यासारखे फारसे काही शिल्लक राहिलेले नसते. म्हणून इंद्रायणी हा सरळ वाण, आणि कर्जतच्या केंद्राने काढलेला सह्याद्री यासारखा भात हा संकरित वाण. पहिल्याचे बी ठेवावे, दुसऱ्याचे ठेवू नये. पिशवीवर 'संकरित' हा शब्द छापलेला असतो, तो वाचूनच पैसे मोजावे. सरळ वाणातही शेजारच्या शेताची सरमिसळ आणि खळ्यावरील भेसळ होतेच, यास्तव बियाण्याची लोंबी शेताच्या मध्यभागातून घ्यावी आणि तीन-चार वर्षांनी मूळ केंद्राकडून थोडे बियाणे बदलून आणावे. मक्याचा पराग वाऱ्यावर उडतो, त्यामुळे त्यात सरमिसळ याहून किती तरी अधिक.

उसाची तऱ्हा या सर्वांहून वेगळी. आपण कांडी लावितो ती बी नव्हेच. ती त्याच झाडाचा तुकडा आहे. दोन नोंदींची वाटणी तेथे होतच नाही, म्हणून कितीही वर्षे लाविला तरी को-८६०३२ हा को-८६०३२ च राहतो. यातील 'को' म्हणजे कोइंबतूर, जेथे १९१२ पासून ऊस पैदास केंद्र आहे. उसास तुरा येऊन खरे बी तेथे धरते आणि त्यातून नवे वाण निघतात. महाराष्ट्रासाठी हा वाण पाडेगावच्या संशोधन केंद्राने १९९६ मध्ये प्रसृत केला. मग बेणे 'म्हातारे' का होते? वाण म्हातारा होत नाही. काणी आणि गवताळ वाढ यांसारखे रोग कांडीबरोबर वर्षानुवर्षे साठत जातात. झाडाचा तुकडा लावावयाचा म्हटल्यावर त्याचा आजारही बरोबर येणारच. म्हणून खोडव्याचे बेणे न वापरता बेणेमळ्यातील निरोगी बेणे घ्यावे.

शेवटचे तत्त्व नैसर्गिक निवडीचे. कोणत्याही जातीत सर्व जीव एकसारखे नसतात. ज्यांजवळ त्या परिस्थितीत उपयोगी पडणारी नोंद असते ते टिकतात आणि त्यांचीच संतती वाढते. डार्विनने १८५९ मध्ये हे मांडिले. आपल्याकडील त्याचे सर्वांत महागडे उदाहरण विदर्भातील कापसाचे आहे. जमिनीतील एका जिवाणूचे, अळीस मारणारे प्रथिन कापसाच्याच पानाबोंडांत उत्पन्न व्हावे अशी योजना केलेले बीटी वाण भारतात २००२ मध्ये आले आणि दोन प्रथिनांचे वाण २००६ मध्ये. प्रारंभी अळी मरे. परंतु लाखोंत एखाद्या गुलाबी अळीजवळ त्या विषास दाद न देणारी नोंद असते. बाकीच्या मेल्या, तिला साऱ्या शेताचे अन्न मोकळे झाले. हे लांबावे म्हणूनच पिशवीबरोबर साध्या कापसाच्या बियांची १२० ग्रॅमची निराळी पुडी मिळे. ती कडेने पेरली असती तर तेथे साध्या अळ्या जगल्या असत्या आणि त्यांचे पतंग चिवट पतंगांशी संयोग पावून ती नोंद दबली असती. पुष्कळांनी ती पुडी पेरली नाही. त्या कडेच्या ओळींत आपलेच नुकसान होईल असे त्यांस वाटले. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने अपार हानी केली.

आमच्या बाजूस कापूस नाही. तथापि दर वर्षी एकच औषध तेवढ्याच मात्रेने फवारणारा शेतकरी येथेही हीच निवड करीत असतो. औषध न वापरताही ती होते. भाताच्या खाचरात बायका पिढ्यान् पिढ्या तण उपटीत आल्या. निराळे दिसेल ते त्यांच्या हाती लागे; भातासारखे दिसेल ते सुटे आणि त्याचेच बी पडे. आज खाचरात एक तण असे आहे की त्याचे रोप लावणीच्या वेळी तरव्याच्या पेंढीतून आपणच शेतात नेतो. पानाच्या देठाशी भातास जी बारीक जिभली असते ती त्यास नसते, एवढाच फरक. तो वाकून, पान मागे ओढून पाहावा लागतो. न पाहिल्यास ते निसवल्यावरच ओळखू येते, आणि त्याचे बी भाताच्या आधी गळते.